अशोकाची साल आणि देवाची अंगी

मंगळवारी सकाळी अक्काने देवाचं कापड देवळात परत पाठवलं. दुपारी जेवताना तिने मला सांगितलं, की तिला रक्त जातं आहे. तिची पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. बुधवारी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. पुढच्या वर्षी अक्का वारली.

घडलं ते एवढंच. गल्लीत मात्र ते दोन तऱ्हांनी सांगितलं जातं. काही जणी म्हणतात, अक्काने काढे पिऊन पिऊन रोग ओढवून घेतला. काही म्हणतात, काढ्याने ती बरी होत होती, धाकटीने दवाखान्यात नेऊन घात केला. धाकटी म्हणजे मी. दोन्ही खरं नाही. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. दोन पुस्तकांत एकाच गोष्टीबद्दल दोन मतं असली तर तिसरं उघडून बघायचं, एवढं तिथे शिकले. म्हणून हे लिहिते आहे. सावकाश लिहिते, कारण सध्या मला सगळंच सावकाश जमतं.

आम्ही शिंपी. पणजोबांच्याही आधी आमचे लोक म्हैसूरला आले. घरात मराठी बोलतो, त्यात अर्धं कन्नड. "मराठीत रडता येतं, भांडायला कन्नडच लागतं," असं अण्णा, म्हणजे आमचे वडील, म्हणायचे. त्यांचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं आणि गल्लीच्या टोकाला आमच्या लोकांचं विठ्ठलाचं देऊळ. बहुतेकांचं आयुष्य या दोन टोकांमध्ये संपायचं.

अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिची पाळी सुरू झाली तेव्हा मी लहान होते. मला एवढंच दिसायचं, की महिन्यातून एकदा ती मागच्या दाराशी चटईवर पोट धरून पडते आणि आई चुलीवर भांडं ठेवते. सुंठ, ओवा, काळे तीळ, गूळ. पाणी अर्धं होईपर्यंत उकळायचं. आई पेला चटईजवळ ठेवून मागे सरायची, शिवायचं नसे म्हणून. अक्का गरमच प्यायची आणि भिंतीकडे तोंड करायची. बऱ्याच वेळाने चटईवरून आवाज यायचा, "आई, भूक लागली." म्हणजे कळ ओसरली.

दुसरा काढा सालीचा होता. आईचं माहेर बन्नूरचं. तिथे मामाच्या भातशेताच्या बांधाला अशोकाचं झाड होतं, शेंदरी फुलांचे झुबके येणारं. शाळांच्या आवारात रांगेने लावतात तो उंच, सरळसोट अशोक वेगळा. सुट्टीत बन्नूरहून परतताना आई बसमध्ये मांडीवर सालीचं गाठोडं घेऊन बसायची. अंगावरून जास्त जायला लागलं, की ती साल दूध-पाण्यात उकळून द्यायची. कळ आली तर सुंठ, रक्त जास्त गेलं तर साल. यापलीकडे आईची वैद्यकी नव्हती, आणि तिला ती पुरत होती.

बाजूला बसलेल्या बाईला स्वयंपाकघर नाही, देवघर नाही. शिलाई मात्र होती. गिऱ्हाइकाच्या कापडाला विटाळ नाही, असा आमच्या गल्लीचा नियम. त्यामुळे महिन्यातल्या त्या चार दिवसांत घराघरातून सगळ्यात जास्त ब्लाऊज शिवून निघायचे. अण्णा दुकानात सांगायचे, "पुढच्या आठवड्यात नक्की मिळेल." आतून अक्का म्हणायची, "माझ्या पोटदुखीवर तारखा देता होय, अण्णा?" गिऱ्हाईक हसायचं. अण्णा मान खाली घालून कापड मोजत राहायचे.

देवाच्या कापडाचा नियम वेगळा. आषाढीला आणि कार्तिकीला विठ्ठलाला नवी अंगी आणि रखुमाईला नवी चोळी लागते. ती हातशिलाईची. आणि ती शिवायची ज्या बाईची पाळी कायमची गेली आहे तिनेच. देवळातून कापड घरी येतं, सोवळ्यात ठेवतात, अंघोळ करून शिवतात. शिवता शिवता तिलाच काही अडचण आली, तर कापड परत पाठवायचं. मग ते देवाला चालत नाही, नवं कापड दुसऱ्या घरी जातं. कापड परत गेलं की का गेलं हे कोणी विचारत नाही, कारण ते सगळ्यांना कळलेलं असतं.

अक्काचं लग्न गल्लीतच झालं. मूल झालं नाही. नवरा गेल्यावर ती रस्ता ओलांडून परत आली. आई-अण्णा गेले आणि आम्ही दोघी उरलो. मी लग्न केलं नव्हतं. रोज बसने जयलक्ष्मीपुरमला जायचं, पुस्तकं द्यायची, घ्यायची, परत यायचं. अक्का दिवसभर मशीनवर. संध्याकाळी ती विचारायची, "आज काय वाचलंस?" आणि मी सांगायच्या आत तिला झोप लागायची.

चाळिशीनंतर तिला फार रक्त जाऊ लागलं. चेहरा पांढरा पडला, जिना चढताना धाप लागू लागली. तेव्हा डॉक्टरांनी तपासून लोहाच्या गोळ्या दिल्या. तिने गोळ्या घेतल्या आणि सालही उकळली. बन्नूरचं झाड तोवर राहिलं नव्हतं. साल ग्रंधिगे अंगडीतून यायची, म्हणजे मुळ्या, साली आणि पूजेचं सामान मिळतं त्या दुकानातून. मी कॉलेजात येणारी नियतकालिकं चाळून या वनस्पतींबद्दल काय सापडतं ते बघू लागले. तिच्यासाठी म्हणून नव्हे, माझी सवयच ती.

"काय म्हणतात तुझी पुस्तकं?" एकदा तिने काज करता करता विचारलं.

"सुंठेबद्दल बरं म्हणतात. पाळीच्या दुखण्यावर प्रयोग झालेत. नुसती खोटी गोळी दिलेल्या बायकांपेक्षा सुंठ घेतलेल्यांचं दुखणं कमी झालं."

"मग आईचं नाव घातलंय का त्यात?"

"नाही. प्रयोग लहान आहेत, काही नीट केलेलेही नाहीत, असंही लिहिलंय. पोट शेकल्यानेही तेवढाच आराम पडतो म्हणे."

"आणि साल?"

"सालीचे प्रयोग बरेचसे जनावरांवर. बायकांवर फारसे नाहीत. आणि दुकानात मिळते ती पुष्कळदा खऱ्या अशोकाची नसतेच. त्या उंच झाडाची असते."

"मी बाईच आहे ना? माझ्यावर कर की प्रयोग." तिने दोरा दातांनी तोडला. "मारायती, अग बये, तीस वर्षं पितेय मी. लिहून घे तुझ्या पुस्तकात."

पुढे तिची पाळी थांबली. तिने विचारलं, "कशाने थांबली? गोळीने का सालीने?"

"वयाने," मी म्हटलं.

"तू ना, कुणालाच श्रेय देत नाहीस."

पाळी थांबून वर्ष उलटलं, तेव्हा देवाची अंगी शिवणारी मावशी घरी आली. नात्याने ती कोणी नव्हे, गल्लीतली सगळ्यांचीच मावशी. तिला आता सुईत दोरा ओवता येत नव्हता. तिने आपलं पितळी अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं टोपण, अक्काच्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "सुटलीस ग. आता त्याचं कर." अक्काने ते बोटात घातलं. सैल होतं. तिने आत चिंधी कोंबली.

देवाचं कापड घरात असलं की ती मशीन बंद ठेवायची, गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापाचं शिवलेली बाई देवाच्या मापाचं शिवताना चार-चारदा उसवायची. सुरती धाटणीची बाही विठ्ठलाला शोभते का, यावर तिने माझ्याशी एक अख्खा रविवार वाद घातला. एकादशीला देव त्या अंगीत उभा असला, की ती गर्दीत मागे, खांबाला टेकून उभी राहायची. पुढे जायची नाही. "शिवताना रोज बघते मी त्याला, पाठीकडून," म्हणायची.

सहाव्या वर्षी तिला पुन्हा रक्त दिसलं. पहिल्यांदा अगदी थोडं. हे मला नंतर कळलं, तिनेच सांगितलं तसं लिहिते आहे. तिने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कापड परत गेलं असतं आणि अंगुस्तानही. तिने साल आणली. मी नऊच्या बसने गेले की उकळायची, मी येईपर्यंत भांडं घासून पालथं घातलेलं असायचं. काढा प्याली आणि दोन दिवसांत रक्त थांबलं. तिला वाटलं, लागू पडला. तीन-चार आठवडे काही नाही. पुन्हा दिसलं, पुन्हा काढा, पुन्हा थांबलं. ज्या दिवशी काही नसे त्या दिवशी ती अंघोळ करून अंगी हातात घ्यायची.

जे आपोआप येतं आणि आपोआप थांबतं, त्याच्यावर दिलेलं कोणतंही औषध लागू पडल्यासारखं दिसतं. प्रयोगात निम्म्या जणींना खोटी गोळी देतात ती याचसाठी. हे मी तिला पूर्वी एकदा समजावून सांगितलं होतं, सुंठेच्या वेळी. तेव्हा ती म्हणाली होती, "बिचाऱ्या त्या निम्म्या."

मग कोरडे दिवस कमी होत गेले. अंगीची एक बाही राहिली होती आणि ती शिवायला दिवस मिळेना. मंगळवारी तिने कापड घडी करून शेजारच्या सुनेच्या हाती देवळात पाठवलं. दुपारी मला सुट्टी होती. जेवताना तिने सांगितलं. मी विचारलं, "एक बाही तर होती, मग आजच का पाठवलंस?"

"त्याला चाललं असतं बहुतेक," ती म्हणाली. "मला चालेना."

संध्याकाळी मावशी आली. तिला कळलं होतं. "काय ग, परत तरणी झालीस की काय?" ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसत बसली. मग खालच्या आवाजात, "मलाही झालं होतं, साठीत. जास्वंदीच्या कळ्या तुपात परतून खाल्ल्या, गेलं. कोणाला बोलले नाही मी. तूही सुम्ने बस. आषाढीपर्यंत खा, कार्तिकीचं कापड तुलाच."

सुम्ने बस म्हणजे गप बस. अक्काने माझ्याकडे पाहिलं. "बघ, मावशीचं गेलं."

"मावशी, तुम्ही दाखवलं होतं का कोणाला?" मी विचारलं.

"दाखवायचं काय त्यात? गेलं ना."

मी जे वाचलं होतं ते सांगितलं. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त आलं, तर बहुतेक जणींच्या बाबतीत काही वाईट निघत नाही. मावशीचंही तसंच असेल, कळ्या खाल्ल्या नसत्या तरी गेलं असतं. पण काही जणींच्या बाबतीत निघतं, आणि कोणत्या जणींच्या ते तपासल्याशिवाय कळत नाही. कळीला कळत नाही, सालीला कळत नाही, मलाही कळत नाही.

"हिची भाषा ऐक," मावशी अक्काला म्हणाली. "कॉलेजात पुस्तकं पुसते आणि आपल्याला शिकवते."

अक्का मावशीच्या बाजूने होती. कार्तिकीपर्यंत थांबायचं आणि कापड परत मिळवायचं, असं तिच्या मनात होतं, हे मला दिसत होतं. मी एवढंच म्हटलं, की तू नाही म्हणालीस तरी उद्या मी रजा टाकणार आणि घरी बसणार, आणि तू काढा उकळशील तेव्हा समोर बसून बघणार.

"बेडा," अक्का म्हणाली. नको. "तू घरी बसलीस तर माझं डोकं खाशील. त्यापेक्षा जाऊन येऊ."

डॉक्टर बाई होत्या, तरुण, कन्नड बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "कषाय घेता का काही?" म्हणजे काढा. अक्काने माझ्याकडे पाहिलं. "घेत असाल तर सांगा, मी रागावत नाही. माझी आजीही देते. कधीपासून रक्त जातं आहे?"

"महिना झाला," अक्का म्हणाली.

डॉक्टर काही लिहीत नव्हत्या, नुसत्या थांबल्या होत्या. अक्का माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "मागच्या दसऱ्याला बन्नीमंटपाला मशालींची कवायत बघायला मी आले नाही, आठवतं? गुडघे दुखतात म्हणाले. तेव्हापासून."

मी ते कन्नडात सांगितलं. तेव्हा जून होता.

गर्भाशयाच्या आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. उत्तर आलं त्यात कर्करोग होता, आणि तो गर्भाशयाबाहेर गेला होता. ऑपरेशन झालं. मग किरणांचे उपचार, मग सलाईनमधून औषधं. मी रजा घेतली, ती संपल्यावर बिनपगारी घेतली. या महिन्यांचं मला फारसं आठवत नाही. बसचे थांबे आठवतात. वॉर्डातल्या खिडकीची कडी आठवते.

औषधांनी तिला मळमळायचं. तिने डॉक्टरांना विचारलं, सुंठ चघळू का. त्या म्हणाल्या, थोडी चालेल, पण दुसरे काढे आम्हाला विचारल्याशिवाय नकोत, काही काढे औषधांच्या कामात आडवे येतात. ती सुंठ चघळायची. थोडं बरं वाटतं म्हणायची. मी त्याची तपासणी केली नाही.

एका दुपारी ती म्हणाली, "आता तरी सांग. सालीने झालं का हे?"

"नाही."

"मग सालीने काय केलं?"

"काही केलं नाही."

"एवढी कडू, आणि काहीच नाही?"

"रक्त अधूनमधून थांबायचं, ते सालीने थांबतंय असं तुला वाटलं. तेवढ्यात वेळ गेला."

तिने पांघरूण नीट केलं. "वेळ मी घालवला," ती म्हणाली. "झाडाला कशाला नावं ठेवायची." नंतर विचारलं, "कार्तिकीची अंगी कोणी शिवली?"

मी नाव सांगितलं. गल्लीतलीच एक, अक्काहून लहान.

"बाही कशी होती?"

"मी गेले नव्हते बघायला."

"जायचं होतंस. ती खांदा उतरता कापते."

ती पावसाळ्यात गेली. दिवसपाणी झालं. मला रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. लोक म्हणतात येईल. मी कामावर परत गेले, मग मुदत संपल्यावर निवृत्त झाले.

मावशी एकदा आली आणि दारातच उभी राहिली. म्हणाली, "मला घेऊन चल त्या बाईंकडे." मी नेलं. तपासलं, काही निघालं नाही. परतताना रिक्षात ती म्हणाली, "कळ्यांनीच गेलं असेल बघ." देवळातला नियम आहे तसाच आहे. तो बदलावा असं मी एका सभेत बोलले. म्हाताऱ्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला.

आता घरात मी एकटी आहे. दुपारी कधी गल्लीतली एखादी येते, पाणी मागते, इकडचं तिकडचं बोलते आणि मग विचारते. मी तिला सांगते: दुखत असेल तर सुंठ घे, शेक घे, नाही भागलं तर गोळी घे. फार जात असेल तर रक्त तपासून घे. आणि बंद होऊन पुन्हा आलं असेल तर काही उकळू नकोस, कापड परत पाठव आणि दाखवून ये. काही जणी जातात. काही जात नाहीत, आणि नंतर रस्त्यात मला बघून पलीकडून चालतात. त्या गेल्यावर मी दार लावते आणि एकीपुरता भात टाकते.